करंजपाड्याहून सात वाजता

९ जून, सोमवार

अरबी समुद्रात वादळ उठलं आहे आणि मी दोन दिवस खुशीत आहे. ही गोष्ट चारचौघांत सांगण्यासारखी नाही, म्हणून वहीत लिहितो.

मनमाडला रेल्वेच्या टेलिफोन खात्यात तेहतीस वर्षं काढली. रिटायर होऊन नाशकात, इंदिरानगरात आलो त्याला पाच वर्षं झाली. तिसरा मजला, वर गच्ची, गच्चीवर माझी तार आणि मागच्या खोलीत माझा हॅम रेडिओ. हे काय प्रकरण आहे ते नातेवाइकांना अजून उमगलेलं नाही. त्यांना एवढंच सांगतो की परवाना असलेली हौशी माणसं आपापल्या सेटवरून थेट हवेतून बोलतात, मध्ये ना टॉवर ना कंपनी. टॉवर पडले की आमचा भाव वाढतो. एरवी आम्ही कुणाच्या खिजगणतीत नसतो.

माझी बायको नूर त्या खोलीला 'मनमाड' म्हणते. कुणी भेटायला आलं की सांगते, "साहेब मनमाडला गेलेत, बसा. येतील पुढच्या गाडीनं."

आज कलेक्टर कचेरीच्या आपत्ती कक्षातून दिनेशचा फोन आला. पोरगा गुणी आहे आणि आवाज असा खर्जातला की टेबलावर फोन ठेवला तरी ऐकू यावा. म्हणाला, वादळ किनारा ओलांडून सुरगाण्याच्या डोंगरातून पुढे सरकेल. तिकडचे टॉवर गेले तर तुमच्या सेटचा उपयोग होईल का? मी म्हणालो, होईल का म्हणजे काय. करंजपाड्याच्या आश्रमशाळेत दोन वर्षांपूर्वी मीच सेट बसवून दिला आहे. तिथला शिपाई झिपरू भोये माझ्या हाताखाली शिकला, परीक्षा दिली, परवाना काढला. त्या सगळ्या पट्ट्यात तो एकटा.

संध्याकाळी गच्चीवर बसलो. हवा थांबल्यासारखी होती. समोरच्या कडुनिंबावर शिंजीर बसला होता, चोच उघडत होता, मिटत होता, आवाज मात्र नाही. यंदा रातकिडेही नाहीत. शहरात पाखरंसुद्धा मुकी होत चालली असावीत. साठी उलटल्यावर जग आपणहून हळू बोलायला लागतं, असा माझा अनुभव आहे, आणि मला ते आवडतं. सगळं काही जाड दुलईखालून येतं.

११ जून, बुधवार

वादळ आलं. नाशकात आलं ते थकून आलं, तरी नऊच्या सुमारास गच्चीवरची तार तुटली. पाऊस आडवा मारत होता आणि मी दोरी घेऊन शेजाऱ्यांच्या पाण्याच्या टाकीवर चढलो. नूर खालून काहीतरी ओरडत होती. वाऱ्यात काही कळेना. खाली आल्यावर म्हणाली, "पासष्टीचं लेकरू माझ्या नशिबी आलं. चार वेळा हाका मारल्या, शिडी सरकते म्हणून."

शिडी खरंच सरकली होती. मी ती धरली कशी तेच आठवत नाही. मला आठवतं ते एवढंच की टाकीवर उभा असताना वाऱ्याचा घुमारा छातीत शिरत होता आणि मी पुन्हा तिशीचा होतो. मनमाड यार्डात, कंट्रोलच्या लाईनवर कान लावून उभा. तेव्हा लोक मला 'डॉक्टर' म्हणायचे. डबीतल्या रिलेची टकटक ऐकून सांगायचो, कुठल्या स्टेशनाला काय दुखतंय. खरं सांगायचं तर माझ्याकडे दुसरं काही कसब नव्हतं. होते ते कान.

१२ जून, गुरुवार

सुरगाणा आणि पेठ तालुक्यांतले बहुतेक टॉवर बंद. रस्त्यावर झाडं, दरडी. फोन लागत नाहीत.

सकाळी सातला हाक मारली आणि झिपरू आला.

केवढं बरं वाटलं ते लिहून सांगता येणार नाही. खरखरीच्या पलीकडून, पार त्या डोंगराच्या पोटातून माणूस बोलतो, आणि तो आपण शिकवलेला असतो. आमची पद्धत ठरलेली आहे. रोज सकाळी सात आणि अकरा. मी तीन वेळा नाव घेऊन हाक मारायची, मग एक मिनिट गप्प बसायचं. समोरचा निरोप देतो, मी तो शब्दन्‌शब्द परत म्हणून दाखवायचा, मग सेटजवळच्या वेगळ्या वहीत नोंद. कुणी आलंच नाही तर 'उत्तर नाही' लिहायचं आणि आधी ठरलं असेल ते कायम धरायचं. रेल्वेत हेच होतं. वहीत खाडाखोड करायची नाही. चुकलं तर एक रेघ, नीट वाचता येईल अशी, आणि बाजूला सही.

आज चौदा निरोप घेतले. नाशकात, विंचूरला, पिंपळगावला कामाला असलेल्या लोकांच्या घरचे. म्हैस जिवंत आहे. पत्रे उडाले, माणसं शाळेत आहेत. आईला सांगा, नागली भिजली नाही. मग मी एकेकाला फोन करून कळवलं. विंचूरच्या एका हमालानं फोनवर नुसता श्वास घेतला आणि "आभारी आहे, साहेब" म्हणून ठेवून दिला.

झिपरूचा आवाज फार बारीक येतो. तोंडात तंबाखू धरून बोलतो की काय. नूर दारात बसून भाजी निवडत होती. तिला हल्ली दुसऱ्याचं बोलणं परत म्हणायची खोड लागली आहे. दूधवाला "उद्या सुट्टी" म्हणाला की ही "उद्या सुट्टी?" म्हणणार. झिपरू काही बोलला की ही "हो का, नागली भिजली नाही?" वय झालं तिचंही.

१३ जून, शुक्रवार

सकाळच्या वेळी महत्त्वाची गोष्ट निघाली. करंजपाड्यात सरिता नावाची बाई आहे, दिवस भरत आलेली. पहिलं बाळंतपण पोट फाडून झालं होतं आणि बाळ गेलं. नर्सबाईनं बजावून ठेवलंय की या खेपेला घरी करायचं नाही, कळा सुरू होण्याआधी दवाखान्यात न्यायचं. आता रस्ता बंद. नवरा मनोज विंचूरच्या वाइन पार्कात कामाला आहे, त्यालाही तिकडे जाता येत नाही. मी फोन केला तर म्हणाला, "साहेब, तुम्ही तिच्याशी बोललात का?"

मी म्हणालो, "झिपरूशी बोललो."

"मग तिला सांगा ना, मी फोन लावतोय म्हणावं. रोज लावतोय. लागत नाय एवढंच."

अकराला हा निरोप पाठवला. माझ्या हातून आजवर गेलेल्या निरोपांत याचं वजन जास्त असावं.

जुम्म्याच्या नमाजाला गेलो. खुत्ब्यातलं काही समजलं नाही. मौलाना हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात आणि नव्या नियमामुळे माईकही हळू केला असणार. अजानसुद्धा आता खिडकीपर्यंत येत नाही. डोळे मिटून बसलो. पंख्याचा मोठा, गोल आवाज होता. मला वाटलं, मी पाण्याखाली आहे आणि वर कुणीतरी फार प्रेमानं बोलतंय.

१४ जून, शनिवार

बेत पक्का झाला. दिनेशनं रुग्णवाहिका मिळवली. नदीवरच्या फरशी पुलापर्यंत गाडी येऊ शकते, पुढे नाही. करंजपाड्याची चार माणसं उद्या पहाटे उजाडताच सरिताला डोलीत घालून डोंगर उतरतील, पूल ओलांडतील, आठ वाजता गाडी पुलापाशी असेल. काही बदल झाला तर झिपरू सातला सांगेल.

यातच एक वाईट गोष्ट झाली. निरोप परत म्हणत असताना नूर मध्येच बोलली, "पाच वाजता नाही, उजाडताच म्हणाला तो." मी माईकवर होतो. दिनेश फोनवर ऐकत होता. मला राग आला. बटण सोडून म्हणालो, "तू तुझं काम कर. तेहतीस वर्षं हेच केलंय मी. इथे मध्ये मध्ये बोललेलं चालत नाही."

ती उठली, सुपातली डाळ उचलली आणि गेली. जेवताना वाढलं सगळं. ईदचं उरलेलं मटण माझ्यासाठी गरम केलं, स्वतः खाल्लं नाही.

उद्या मी दार लावून बसणार आहे. तिचा अपमान करायला नाही. काम गंभीर आहे.

१५ जून, रविवार. दुपारी दीड

आत्ताच लिहून ठेवतो.

सकाळी सातला दार लावलं, कडी घातली. तीनदा हाक मारली. मिनिटभर थांबलो. खरखर. पुन्हा तीनदा, पुन्हा मिनिट. तिसऱ्यांदाही. सकाळची ती खरखर मला आवडते, तिच्यात कधी समुद्र असतो, कधी रुळांवर लांब जाणारी मालगाडी. माणूस नव्हता. हवा लहरी पोचू देत नाही अशा वेळेला आम्ही 'बँड बंद' म्हणतो. वहीत लिहिलं: ७.०९, करंजपाडा, उत्तर नाही, बँड बंद. म्हणजे बदल काही नाही, ठरलेलं कायम. दिनेशला तसं कळवलं.

दार उघडलं तर नूर समोर उभी. हाताला कणीक. म्हणाली, "केव्हाची दार ठोकते मी."

"ठोकलं नाहीस."

"अहो, तो बोलत होता. तुमचं नाव घेत होता. पूल पूल असं काहीतरी. दारातून नीट कळलं नाही मला."

मी म्हणालो, "ती खरखर असते. नवख्या माणसाला तिच्यात काहीही ऐकू येतं." सेट पुन्हा लावून दाखवला. दोघं उभे राहिलो. नंतर ती म्हणाली, "आता नाही बोलत," आणि आत गेली. मला वाटलं, कालचा राग आहे.

साडेदहाला दिनेश. "काका, गाडी आठपासून पुलाजवळ उभी आहे. कुणी आलं नाही. आणि पलीकडच्या काठाचा भराव खचलाय, ड्रायव्हर म्हणतो माणूस येऊच शकत नाही तिकडून. तुम्हाला काही कळलं होतं का?"

मी म्हणालो, नाही. बँड बंद होता.

अकरा वाजता बसलो. दार उघडंच होतं. नूर आली आणि न विचारता दुसऱ्या खुर्चीवर बसली. मी हाक मारली. खरखर. मिनिट झालं. मी 'उत्तर' एवढं लिहिलं होतं, तेवढ्यात तिनं माझ्या हातातून पेन काढून घेतलं आणि माझ्याच वहीत लिहायला लागली. शाळेतल्या मुलीसारखं, ओठ हलवत. मी तिच्या हाताकडे बघत होतो. माझ्या कानाशी मोठा स्पीकर होता. त्यातून मला काही येत नव्हतं, आणि कागदावर मात्र एकेक शब्द उमटत होता.

"साहेब पूल गेला. उजाडताच कळलं. सकाळी सातला सांगितलं तुम्हाला. सरिताला वरच्या फाट्यावर नेली आहे. वनखात्याच्या चौकीत ठेवली. कळा सुरू झाल्या. गाडी तिकडे पाठवा. ऐकू येतंय का साहेब. ऐकू येतंय का."

शेवटचं तिनं दोनदा लिहिलं, कारण तो दोनदा म्हणाला.

मी बटण दाबून ते सगळं परत म्हणालो, शब्दन्‌शब्द, कागदावरून वाचून. मग नूरकडे बघितलं. तिनं मान हलवली आणि लिहिलं, "बरोबर म्हणतो."

दिनेशला फोन लावला. गाडी वळली. पुलापासून वरच्या फाट्याला वळसा घालून पाऊण तास. आता दीड वाजला आहे. अजून काही कळलेलं नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळी

गाडी सव्वाबाराला पोचली. चार माणसं चौकीच्या पडवीत भिजत बसली होती आणि बाईनं तोंडात लुगड्याचा बोळा धरला होता, ओरडू नये म्हणून. तीन वाजता ऑपरेशन झालं. मुलगी आहे. सरिताला रक्त चढवावं लागलं. डॉक्टर दिनेशला म्हणाले की आणखी तासाभरानं आणली असती तर त्यांनी काही आशा दिली नसती.

सात ते अकरा, चार तास मी त्यांना तिथे बसवून ठेवलं होतं.

१६ जून, सोमवार

सकाळी सातला आणि अकराला नूरनं ऐकलं. मी बोललो. बाकी काही नाही.

१७ जून, मंगळवार

विचारलं तिला. खूप वेळ टाळलं, मग विचारलंच. कधीपासून?

"दोन वर्षं झाली," ती म्हणाली. "बारीक आवाज जातो तुमचा. बाईचा, लेकराचा. मी मोठ्यानं बोलते म्हणून माझा येतो. खर्जातला येतो. दिनेशचा येतो तुम्हाला."

"आणि सांगितलं नाहीस?"

"कसं सांगू? मनमाडचे डॉक्टर तुम्ही. कान गेले म्हटलं तर बसला असता का त्या खोलीत?"

दूधवाला, भाजीवाला, बँकेतली मुलगी, सगळ्यांचं बोलणं ती परत का म्हणायची ते आता कळतंय. गुरुवारचे चौदाही निरोप मी तिच्या तोंडून घेतले होते आणि वर तिला खोड लागली म्हणून वहीत लिहिलं होतं. पुण्याला आमच्या नौशादलाही माहीत होतं. दर फोनला तो म्हणायचा, अब्बा, तब्येत दाखवून घ्या, आणि मी त्याला रक्तदाबाचे आकडे सांगायचो.

मला तिचा राग आला. खरंच आला. दोन वर्षं माझ्या घरात माझ्याशी लपाछपी चालली होती, असं वाटलं. गच्चीवर जाऊन बसलो. कडुनिंबावर शिंजीर होता. चोच उघडत होता, मिटत होता. मी त्याच्याकडे बराच वेळ बघितलं. मग मला रडू आलं. पाखरं मुकी झाली नव्हती.

ती वर आली, शेजारी बसली. काही वेळानं तोंड माझ्याकडे करून मोठ्यानं, सावकाश म्हणाली, "आत्ता गातोय. लय गातोय."

१८ जून, बुधवार

दोन दिवस वहीचं ते पान डोळ्यांसमोर येतंय. ७.०९, उत्तर नाही, बँड बंद. दिनेश त्याच्या अहवालात तेच लिहिणार आहे. म्हणाला, "काका, निसर्गापुढे कुणाचं काय चालतं. बँड बंद होता, संपलं." कुणी मला काही विचारणारही नाही. झिपरूसुद्धा नाही. त्याला वाटतंय की त्याचीच बॅटरी उतरली होती. काल तो माझी माफी मागत होता.

ते नूरनं ऐकून मला सांगितलं.

आता हे खरं सांगितलं तर काय होईल ते मला स्पष्ट दिसतं. दिनेश पुढच्या खेपेला दुसऱ्या कुणाला फोन करेल. 'मनमाड' बंद. त्या खोलीत नूर इस्त्रीचं टेबल मांडेल, आणि मी सोसायटीच्या बाकावर बसून लोकांच्या ओठांकडे बघत राहीन. माझ्याजवळ दुसरं काही नाही, हे मी वर लिहिलंच आहे.

दुपारभर पंख्याखाली पडून राहिलो. झोप आली नाही. झोपेसारखंच काहीतरी होतं. त्यात मी मनमाडच्या फलाटावर उभा होतो. गाड्या येत होत्या, जात होत्या, आवाज कसलाच नाही. प्रत्येक खिडकीतून कुणीतरी मला काही सांगत होतं आणि मी सगळ्यांना मान हलवून हो म्हणत होतो.

उठलो, तोंड धुतलं, वही घेतली. 'उत्तर नाही, बँड बंद' यावर एक रेघ मारली, नीट वाचता येईल अशी. बाजूला लिहिलं: 'उत्तर होतं. मला ऐकू आलं नाही.' खाली सही, तारीख. मग दिनेशला फोन केला आणि तेच शब्द वाचून दाखवले. अहवालात हेच लिही म्हणालो.

तो बराच वेळ गप्प होता. की बोलत होता आणि मला आलं नाही, अल्ला जाणे. मग त्याच्या त्या खर्जात म्हणाला, "काका, उद्या सातला आहात ना तुम्ही? पेठकडची दोन गावं अजून बाकी आहेत."

मी म्हणालो, "मी एकटा नाही बसणार. माझी बायको ऐकेल. तिच्याकडे परवाना नाही. ऐकायला तो लागत नाही. बोलेन मी."

"चालेल," तो म्हणाला. "काकूंना आमचा नमस्कार."

झिपरूला उद्या सकाळी सांगायचं आहे. हे सगळ्यांत अवघड.

१९ जून, गुरुवार

सांगितलं. बटण दाबलं आणि म्हणालो, "झिपरू, रविवारी तुझी बॅटरी ठीक होती. तुझा आवाजही ठीक होता. माझे कान गेलेत. तू बोलत होतास आणि मी नाही म्हणून लिहिलं. चूक माझी आहे." मग नूरकडे बघत बसलो, कारण आता त्याचं उत्तर तिच्याच चेहऱ्यावर दिसणार होतं.

तिनं हेडफोन दोन्ही हातांनी धरला होता. जरा वेळानं लिहिलं: "झिपरू म्हणतो, मग इतके दिवस माझं कोण ऐकत होतं."

मी बटण दाबून सांगितलं, "माझी बायको. नूरबानो."

तिनं लिहिलं: "म्हणतो, वैनीला राम राम सांगा. म्हणतो, बाई बरी आहा, पोर बरी आहा, तुम्ही जीवाला लावून घेऊ नका." मग पेन थांबलं. मी म्हणालो, "अजून बोलतोय का?" तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "नाही. तोही रडतोय."

आज एकोणीस निरोप. नूरचं अक्षर मोठं आहे, पान लवकर भरतं. मी तिला म्हणालो, जरा बारीक लिही. ती म्हणाली, "डोळेही गेले तर? मोठंच बरं."

२१ जून, शनिवार

रस्ता झाला. मनोज विंचूरहून निघाला, दवाखान्यात गेला, बायकोला आणि लेकीला घेऊन आज गावी पोचणार. उद्या दुपारी करंजपाड्याचा टॉवर सुरू होतोय, म्हणजे उद्या सकाळची हाक शेवटची. मग पुन्हा आमची किंमत शून्य.

नौशादनं सोमवारी कानाच्या डॉक्टरची वेळ घेतली आहे. मी जातो म्हणालो. यंत्र लावलं तर शिंजीर ऐकू येईल का, असं विचारणार आहे. नूर म्हणते, आधी शिडी सरकलेली ऐकू येऊ दे.

२२ जून, रविवार

सकाळी सातला हाक मारली. नूर म्हणाली, "आला." मग हसली आणि म्हणाली, "थांबा म्हणतोय. कुणालातरी आणतोय माईकपाशी."

थांबलो. हेडफोन तिच्या कानाला होता, मला खरखरसुद्धा नव्हती. नूरचा चेहरा मात्र एकाएकी बदलला. भुवया वर गेल्या, तोंड जरा उघडं राहिलं, आणि तिनं हेडफोनची पिन उपसली, म्हणजे मोठा स्पीकर सुरू व्हावा. हात करून मला म्हणाली, ऐका. मी ऐकलं. नेहमीची खरखर, तीच, समुद्रासारखी. बाकी काही नाही. लेकराचा आवाज माझ्या कानांतून गेला आहे, हे दोघांनाही माहीत होतं आणि आनंदात ती विसरली होती.

तिला आठवलं तसा तिचा चेहरा उतरायला लागला. तो उतरू नये म्हणून मी हात पुढे केला आणि तळवा स्पीकरच्या जाळीवर ठेवला. रेल्वेत असंच करायचो, डबीवर हात ठेवून. क्षणभर काही नव्हतं. मग कळलं. बारीक धडधड, थांबून थांबून, मध्ये श्वास, पुन्हा जोरात. सरिताची मुलगी रडत होती. छान रडत होती. नूरनं आपला हात माझ्या हातावर ठेवला आणि पोर रडायची थांबेपर्यंत आम्ही तसेच बसलो.

मग बटण दाबून म्हणालो, "करंजपाडा, मिळालं. स्पष्ट मिळालं. पोरीला दुवा." आणि वहीत शेवटची नोंद केली.

७.११, करंजपाडा. मजकूर: मुलगी रडली. बोलणार: महेबूब शेख. ऐकणार: नूरबानो शेख.